मोठे इंजिन, जुनी गाडी आणि बंद शेड

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तिथे वर्षानुवर्षे तयार झाले आणि फियाटबरोबर टाटाच्या गाड्यांतही बसले. २०१५मध्ये आलेली १४५ अश्वशक्तीची पुंटो अबार्थ ही छोटी पण चपळ गाडीही इथलीच. अशा परिसरात जुन्या फियाटचे वेड असणारी मंडळी भेटली, तर नवल नाही.

२००१मध्ये आलेल्या पॅलिओचेच उदाहरण घ्या. तिचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ७३ अश्वशक्तीचे, तर १.६ लिटरचे सुमारे १००. बाहेरून दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. त्यामुळे लहान इंजिनाची जुनी गाडी स्वस्तात घ्यायची, भंगारातून मोठे इंजिन आणायचे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मित्रांच्या मदतीने ते बसवायचे, हा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. हौस वाईट नाही. पण या कामात माणसाच्या शरीराला कुठे धोका आहे आणि गाडीच्या विज्ञानात नेमके काय बदलते, हे आधी समजून घ्यायला हवे.

थंडीत लावलेले शटर

नवे इंजिन बसल्यावर ते सुरू करून बघण्याची घाई असते. रात्र झालेली असते, बाहेर थंडी असते, म्हणून शटर अर्धे खाली ओढलेले असते. धोका इथेच आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही.

इंजिन बदलताना सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अनेकदा काढून टाकला जातो. त्याचे कामच या विषारी वायूचे रूपांतर करण्याचे असते. तो नसला आणि इंजिनाची जुळवणीही अजून नीट झालेली नसली, तर पेट्रोल इंजिनाच्या धुरातले कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कितीतरी वाढते.

सुरुवातीची लक्षणे साधी असतात. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पाय गळून जातात. दिवसभराच्या दमणुकीमुळे असे होत असेल, असे वाटून माणूस तिथेच बसतो आणि बेशुद्ध होतो. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. त्याला बाहेर काढायला स्वतः धुरात फार वेळ थांबू नका. आधी शटर उघडा आणि इंजिन बंद करा.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. करोनाकाळात घराघरांत आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते. त्यामुळे आकडा ९८ दिसला, तरी रुग्ण गंभीर असू शकतो. मशिन ठीक दाखवतेय म्हणून घरी थांबू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर तेच काम साधारण तास-दीड तासात होते.

टोचल्यासारखी जखम

डिझेल इंजिन बसवणाऱ्यांसाठी दुसरा धोका आहे. मल्टिजेटसारख्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या शेकडो पट हा दाब. पाइपची गळती बोटाने चाचपून पाहिली, तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत डिझेल स्नायूंच्या कप्प्यांतून पसरते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी जखम झाली, तर हळद किंवा मलम लावून बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा आणि ‘जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटे द्या.

बाकीची काळजी साधी आहे. शंभर-सव्वाशे किलोचे इंजिन दोरीला लटकवून त्याखाली हात घालू नका. चेन पुली मजबूत तुळईलाच बांधा. गाडी फक्त जॅकवर उभी असताना खाली झोपू नका, घोड्या लावा. काळे, जळके ऑइल कातडीला वारंवार लागणे चांगले नाही, त्यामुळे हातमोजे घाला आणि पेट्रोलने हात धुण्याची सवय सोडा. जुन्या क्लचप्लेटची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते.

वेग वाढतो, ब्रेक तेच राहतात

इंजिन बसले, गाडी पळायला लागली. आता भौतिकशास्त्राचा हिशेब सुरू होतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून बाहेर टाकावी लागते. १,००० किलोच्या गाडीत ताशी ८० किलोमीटरला जेवढी ऊर्जा असते, तिच्या जवळजवळ दुप्पट ११०ला असते. मोठ्या इंजिनामुळे पुढच्या चाकांवरचा भारही वाढतो. जुने ब्रेक, जुने स्प्रिंग आणि जुने टायर या हिशेबासाठी बनलेले नसतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगले ब्रेक धरले आणि चालकाला सावध व्हायला एक सेकंद लागतो असे मानले, तर ताशी ६० किलोमीटरला गाडी साधारण ३७ मीटरमध्ये थांबते. १००ला त्यासाठी सुमारे ८५ मीटर लागतात. आता हाच हिशेब चौफुला-न्हावरे-शिरूर रस्त्यावर रात्री लावून पाहा. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या पुढे असतात, अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. खाली पाडलेल्या दिव्यात अशी काळी ट्रॉली ४०-५० मीटरवर दिसली, तर नशीब. ६०च्या वेगाला वाचण्याची संधी असते, १००ला नसते. इंजिनाची ताकद कितीही वाढवली, तरी दिव्याचा पल्ला वाढत नाही.

कागदाचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यावर वाद उभा राहतो. तो फटका समोरच्या जखमी माणसालाही बसू शकतो. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच परिवहन कार्यालयात चौकशी करा. काय चालेल आणि काय नाही, ते तिथे कळेल.

परवानगी मिळत नसेल, तर हाती असलेले इंजिनच उघडून नीट बांधा. नवे ब्रेक, चांगले टायर आणि स्वच्छ दिवे बसवा. यातही शिकण्यासारखे खूप आहे. आणि जे काही कराल, ते शटर पूर्ण उघडे ठेवून, सोबत एक माणूस घेऊनच करा.