एकट्यानं जायचंय? मग वेळासला जा!

दहावीची परीक्षा संपली की पुढं काय, हा प्रश्न घरोघरी पडतो. मामाचं गाव झालं, शिबिरं झाली. या वेळी जरा वेगळं सुचवू? चार दिवस एकट्यानं कोकणातल्या एखाद्या घरी राहायला जा, आणि तिथं हाताला काही काम घ्या. (थांबा, आईबाबांच्या कपाळावरच्या आठ्या दिसताहेत मला! त्यांच्यासाठीही पुढं लिहिलंय.)

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात समुद्रकाठी वेळास नावाचं छोटंसं गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकातल्या नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. पण आता ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. हिवाळ्यात मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत हातभर खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा बघायलासुद्धा येत नाही! दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त असेल तर माद्या.

पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या पोटात जायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली. सापडलेली अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात आणि पैसे त्या घराला मिळतात. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. नुसत्या उपदेशानं अंडी वाचली असती का, शंकाच आहे.

तुम्ही तिथं काय कराल? पहाटे किनाऱ्यावर फिरणाऱ्या कासवमित्रांना विचारून त्यांच्याबरोबर चाला. प्लॅस्टिक आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे गोळा करा, त्यात कासवं अडकतात. पिल्लं सोडताना गर्दी होते, तेव्हा ‘दोरीच्या अलीकडे थांबा, फ्लॅश मारू नका’ असं सांगायला माणूस लागतोच. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, बॅटरी दिसली की भलतीकडेच वळतात. आणि हात लावायचा नाही हं, कितीही मोह झाला तरी!

खरी कसोटी मात्र घरात लागते. दहा जणांच्या घोळक्यात गेलात तर तुम्ही पाहुणे. एकटे गेलात की दुसऱ्या दिवशी काकू विचारतात, “अरे, जरा एवढा नारळ खवून देतोस?” समजा, तुम्ही घरचे झालात. कोणी काम सांगायची वाट बघू नका. आपलं ताट आपण घासा, खराटा घेऊन अंगण झाडा, वाडीतल्या पोफळींना काका पाणी लावत असतील तर बरोबर जा. विहिरीचं पाणी जपून वापरा, उन्हाळ्यात कोकणातही पाण्याची ओढ असते. ताटात आमटी-भात येईल, कुळथाचं पिठलं येईल. ‘मला हे आवडत नाही’ हे वाक्य घरीच ठेवून निघा. संध्याकाळी ओटीवर आजी बोलायला बसल्या की ऐका. पूर्वी त्या अंड्यांचं काय व्हायचं, हे पुस्तकापेक्षा त्या नीट सांगतील.

आता आईबाबांसाठी. आधी यजमानांशी स्वतः फोनवर बोला, आणि मुलामुलीची राहण्याची सोय कुटुंबातच आहे ना, हे विचारून घ्या. एसटीनं मंडणगडला जाऊन पुढं वेळासला जाता येतं. किंवा हरिहरेश्वरच्या बाजूनं बागमांडल्याला फेरीबोटीत बसून सावित्रीची खाडी ओलांडा आणि वेसवीला उतरा. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा यजमानांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवायला सांगा. समुद्रात एकट्यानं उतरायचं नाही, ही अट मात्र घालाच. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात. निघण्याआधी घरटी शिल्लक आहेत का, याची चौकशी करा.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं होतं. तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. तुम्ही राहाल त्या घरी तिची गोष्ट विचाराच.

आणि घरी परतलात की काकूंना पोचल्याचा फोन करा. शेवटच्या घरट्यातून किती पिल्लं निघाली, तेही विचारून घ्या.