खांद्याचा संधिवात : शस्त्रक्रियेवांचून उपाय

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांची खांदेमळणी करण्याचा परिपाठ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वर्षभर जूं वाहिलेला खांदा ऊन पाण्यानें शेकून त्यास हळद व तूप चोळावें, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु स्वतःच्या खांद्याची विचारपूस मात्र हात वर जाईनासा होईपर्यंत होत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडाच्या उथळ खोबणींत फिरतो. दोहोंवर कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. वयोमानानें किंवा जुन्या दुखापतीनें तें झिजलें म्हणजे खांदा खोलवर दुखतो, फिरवितांना करकरतो, आणि कोपर कुशीस टेकवून पंजा बाहेर वळविणें कठीण होतें. झिजलेलें अस्तर कोणत्याही औषधानें पूर्ववत् होत नाहीं. तथापि वेदना आटोक्यांत ठेवून हात चालता ठेवणें पुष्कळांस शस्त्रक्रियेवांचून साधतें. मात्र प्रत्येक दुखरा खांदा संधिवाताचाच असतो असें नव्हे. मधुमेह्यांस विशेष होणारा आखडलेला खांदा व फाटलेले स्नायू यांचे उपाय निराळे आहेत. यास्तव प्रथम डॉक्टरांकडून तपासणी व क्ष-किरण चित्र करून घ्यावें.

रोग्याकडून बहुधा दोन चुका होतात. कोणी दांत-ओठ खाऊन पूर्वीचेंच ओझें उचलतो. कोणी हात गळ्यांत बांधून स्वस्थ बसतो. पहिल्यानें वेदना वाढते, दुसऱ्यानें सांधा आखडतो व स्नायू वाळतात. ओझें कमी करावें, हालचाल सोडूं नये, हें या उपचाराचें सार होय.

१६ लिटरांचा फवारणीचा पंप भरला म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन १६ किलो होतें. तो अर्धाच भरावा, व दांडा मारण्याचे श्रम वांचविण्यास बॅटरीचा पंप वापरावा. युरियाची गोणी २०१८ सालीं ५० किलोंची ४५ किलोंवर आली, तरी ती दोघांनीं मिळून उचलावी किंवा हातगाड्यावर न्यावी. वैरण उंच माळ्यावर फेकण्याचें काम दुसऱ्याकडे द्यावें. उचलावयाची वस्तु छातीशीं धरावी.

व्यायामापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें सोसवेल इतक्या उष्णतेनें शेकावें. नंतर पुढील हालचाली हळूहळू कराव्या :

(१) चांगला हात टेबलावर टेकून पुढें वांकावें व दुखरा हात सैल सोडून लंबकाप्रमाणें झुलवावा.

(२) तुळईस लहान कप्पी बांधून दोरीचीं दोन टोकें दोन हातांत धरावीं. चांगल्या हातानें ओढून दुखरा हात सोसवेल तितकाच वर न्यावा.

(३) कोपर कुशीशीं ठेवून मूठ भिंतीवर दाबावी, पांच अंक मोजावे व सोडावी.

दुसऱ्या दिवशींही ठणका राहिला, तर व्यायाम कमी करावा. अंगीं बळ येण्यास दोन-तीन महिने लागतात. तेव्हां उन्हाळ्यांत आरंभ केल्यास पेरणीच्या दिवसांत उपयोग होईल.

वेदनाशामक गोळ्या सल्ल्यावांचून रोज घेऊं नयेत. जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांस त्यांपासून अपाय होऊं शकतो. सांध्यांत दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानें कांहीं आठवडे आराम पडतो, परंतु झीज भरून निघत नाहीं. तें वारंवार घेऊं नये, आणि मधुमेह्यांनीं त्यानंतर रक्तांतील साखर तपासावी. बाजारांतील निनांवी पुड्या तर वर्ज्यच समजाव्या. अशा पुड्यांत छुपें स्टेरॉइड सांपडलेलें आहे.

खांदा सुजून तापासह गरम झाला, किंवा पडल्यावर हात उचलेनासा झाला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. खांदेदुखीसह छाती दाटून घाम व दम लागल्यास तो हृदयविकार असूं शकतो. तेव्हां क्षणाचाही विलंब करूं नये.

इतकें करूनही रात्रीची झोंप उडाली व घांस तोंडापर्यंत नेणें जड झालें, तर शस्त्रक्रियेचा विचार अवश्य करावा; त्यांत कमीपणा नाहीं. परंतु तो निर्णय नेटानें केलेल्या उपचारानंतर व्हावा, केवळ भीतीपोटीं किंवा घाईनें होऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.