मनोरीहून कान्हेरी : उन्हाळी सहलीचा बेत कसा आखावा

डोंगर बघायला मनोरीकरांनी लोणावळा-माथेरानच गाठायला हवं असं नाही. खाडी ओलांडून मालाडला लोकल पकडली की दोन स्टेशनांवर बोरिवली, आणि तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे डोंगराळ जंगल, त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी. एप्रिल-मेमध्येही ही सहल छान होते; फक्त बेत उन्हाच्या कलाने आखावा लागतो.

पहिलं काम वार ठरवण्याचं. सोमवारी उद्यान बंद असतं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी, की सकाळचा गारवा रांगेतच संपतो. रजा मिळत असेल तर मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस धरावा.

मग वेळ, आणि ती उलटीकडून मोजावी. कान्हेरीचा काळा कातळ दहा-साडेदहानंतर तापू लागतो, तिथे सावलीही लेण्यांच्या आतच मिळते. म्हणून नऊच्या सुमारास लेण्यांपाशी असावं. त्यासाठी आठपर्यंत उद्यानाचं फाटक आणि साडेसहाला मनोरीचा धक्का गाठावा लागेल.

बोटीने मार्वेला उतरल्यावर मालाड स्टेशनसाठी २७२ क्रमांकाची बेस्ट बस असते. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा. बोरिवलीला पूर्वेकडे उतरावं. तिथून फाटक जेमतेम किलोमीटरभर. चालत जावं किंवा रिक्षा करावी.

तिकिटं दोन लागतात, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. फाटकावरचं तिकीट उद्यानाच्या प्रवेशाचं. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, त्यांचं तिकीट वर वेगळं काढावं लागतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांसाठी तिकीट नाही. मोबाइलची रेंज जंगलात दगा देते, म्हणून थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत.

फाटकापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. रस्ता चढाचा आहे. "चालत जाऊ, काय मोठंसं" म्हणून निघालेली माणसं वर पोहोचेपर्यंत दमून जातात आणि लेण्यांना जेमतेम अर्धा तास देतात. आतल्या बसची चौकशी तिकीटखिडकीवरच करावी. खासगी गाड्यांचे नियम बदलत असतात, तेही तिथेच विचारावेत.

इथे लेणी शंभरावर आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नये. आधी तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बघावं. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या उंच उभ्या मूर्ती आहेत. मग अकरावं, दरबार म्हणून ओळखलं जाणारं प्रशस्त लेणं. अंगात त्राण असेल तर नव्वदावं गाठावं. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी ते कोरून ठेवले.

उन्हाळ्यात आवर्जून बघावी अशी गोष्ट मात्र पायाशी असते. लेण्यांच्या बाहेर कातळात अरुंद पन्हळी खोदलेल्या दिसतील. एखादीच्या कडेने चालत जावं. ती उताराने वळत वळत पोढीपाशी, म्हणजे कोरीव टाक्यापाशी, जाऊन थांबते. पावसाचं पाणी असं साठवून भिक्षू वर्षभर वापरत. पन्हळ कोरडी असते तेव्हाच ती नीट दिसते. पावसाळ्यात सगळा कातळच वाहत असतो. टाक्याच्या काठावर मुलांचा हात धरावा. आतलं पाणी पिऊ नये.

आता पाणी आणि खाणं. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्यावं, शक्यतो स्टीलच्या बाटलीतून, कारण प्लॅस्टिकवर बंधनं आहेत. खाऊ बंद पिशवीत ठेवावा. हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की माकडं झडप घालतात. डोकं दुखू लागलं किंवा गरगरलं तर तिथेच सावलीत बसावं, डोक्यावर ओला रुमाल ठेवावा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यावं. बरं वाटलं नाही किंवा घाम थांबला तर लगेच डॉक्टर गाठावा.

करवंदं-जांभळं पिकलेली दिसली तरी तोडू नयेत. राष्ट्रीय उद्यानातून काहीच न्यायला परवानगी नाही. विडी-सिगारेट तर नकोच. वाळक्या पाल्याला ठिणगी पुरते आणि वणवा लागतो. या जंगलात मोकळे बिबटे आहेत, तेव्हा आडवाटेला शिरू नये, मुलांना पुढे पळू देऊ नये आणि अंधारायच्या आत बाहेर पडावं. शिलोंड्यासारख्या वाटांसाठी निसर्ग माहिती केंद्रातून आधी परवानगी काढावी. तुळशी आणि विहार तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे असल्याने सहलीसाठी खुले नाहीत.

साडेअकरापर्यंत लेण्यांवरून उतरावं आणि सफारी त्यानंतर ठेवावी. वाघ-सिंहांची सफारी बंद गाडीतून होते, दुपारी ती सोसवते. पुष्कळ जण आधी सफारीच्या रांगेत उभे राहतात आणि ऐन बारा वाजता कातळ चढतात. सहल फसते ती बहुधा अशी.

निघायलाच उशीर झाला आणि फाटकाशी दहा वाजले, तर क्रम बदलावा. आधी सफारी करावी, गांधी टेकडीच्या परिसरात झाडाखाली डबा खावा आणि तीननंतर वर जावं. मात्र लेणी पाचच्या सुमारास बंद होतात, म्हणून त्या दिवशी चैत्यगृह आणि दरबार एवढ्यावरच समाधान मानावं. नव्वदावं लेणं थंडीत बघता येईल.