जुन्या लुगड्याचे दुपटे

घरात बाळ येणार असले की आजी ट्रंक उघडते. जुनी सुती लुगडी आणि धोतरे बाहेर निघतात आणि त्यांची दुपटी, लंगोट, झबली, टोपडी व गोधडी शिवून होतात. बारशापर्यंत बाळाला नवा कपडा घालायचा नाही, असा रिवाजही पुष्कळ घरांत आहे. तुम्ही म्हणाल, ही तर काटकसर! काटकसर आहेच, पण तिच्यामागे विज्ञानही आहे.

नागपूर हे कापसाच्या मुलखातले शहर. येथील कोष्टी विणकरांची लुगडी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही येथेच स्थापन झाली. तेव्हा नागपूरच्या घरांत जुन्या सुती कापडाला तोटा नव्हता.

पण जुनेच का? विणताना ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. कापड गुळगुळीत दिसावे म्हणून पुढेही काही लेप चढवतात. त्यामुळे नवे कापड ताठ लागते. वारंवार धुतल्यावर खळ निघून जाते, तंतू सैल होतात आणि कापड मऊ पडते. बाळाच्या नाजूक त्वचेला असेच कापड हवे. शिवाय कापसाचा तंतू ओला झाला की अधिक बळकट होतो. म्हणून सुती लंगोट रोजचे धुणे आणि उकळणे सोसतो.

आता एक प्रयोग करा. जुन्या धोतराचा, न धुतलेल्या नव्या सुती कापडाचा आणि पॉलिएस्टरचा असे तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब सोडा आणि तो जिरायला किती सेकंद लागतात ते मोजा. जुन्या धोतरावर थेंब बहुधा लगेच पसरेल. कापूस सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजचे रेणू पाण्याला आकर्षून घेतात. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम पाणी धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घाम टिपणारे कापड किती मोलाचे, हे सांगायला नको.

हिवाळ्यात मात्र येथे पारा १० अंशांखाली उतरतो. मोठ्या माणसाचे वजन ६० किलो आणि त्वचेचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरा. बाळाचे वजन ३ किलो आणि क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरा. भागाकार करून पाहा. दर किलो वजनामागे बाळाची त्वचा अडीचपट भरते! म्हणून ते लवकर गार पडते. गोधडीच्या थरांत हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने ऊब टिकते.

पण जुने कापड डोळे मिटून घेऊ नये. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर सावध! या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. ते घनरूपातून थेट वायुरूपात जाते आणि कापडात मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच कमी असते. नॅफ्थॅलीन श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेले की अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. तिने मेंदूला कायमची इजाही होऊ शकते. कोणत्या बाळाला हा दोष आहे हे पाहून कळत नाही. म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेले कापड बाळासाठी घेऊच नये. नुसत्या धुण्यावर विसंबू नये. बाळाचे कपडे साठवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल.

बाकीचे कापड साबणाने धुवावे, दहा मिनिटे उकळावे आणि कडक उन्हात वाळवावे. मग दुपट्यासाठी विरलेला भाग टाळून साधारण ९० सेंटिमीटरचा चौकोन कापा, कडा दुमडा आणि धावदोरा घाला. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे ती बाळाला टोचणार नाही. गळ्याशी लांब नाड्या नकोत आणि सुटून तोंडात जातील अशी बटणेही नकोत. बाळाला झोपवताना उताणे झोपवावे. तोंडावर दुपटे किंवा गोधडी येऊ देऊ नये आणि शेजारी मऊ उशा ठेवू नयेत, कारण त्यांनी श्वास कोंडतो. मे महिन्यात तर एक पातळ झबले पुरे.

शेजारी कुणाकडे बाळ येणार असेल तर आजीला किंवा आईला विचारून एक दुपटे तुम्हीच शिवून द्या. मात्र कात्री चालवण्यापूर्वी कापडाला डांबराचा वास येतो का, ते नक्की पाहा.