जंतूंची देवाणघेवाण

जंतूंच्या जगातल्या असंख्य कथांपैकी जपानमधल्या आमांशाच्या कथेनं मला विद्यार्थिदशेपासून झपाटून टाकलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिगेला या जंतूच्या साथी येत. सल्फा औषधं सर्रास दिली गेली आणि काही वर्षांतच ती लागू पडेनाशी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आली. १९५५च्या सुमारास असा शिगेला सापडला, की या चारांपैकी एकालाही तो दाद देईना.

खरं कोडं पुढेच होतं. काही रुग्णांना एकच औषध दिलेलं असे; पण त्यांच्या शौचात चारही औषधांना पुरून उरणारे जंतू मिळत. आपोआप घडणाऱ्या जनुकीय बदलातून एका औषधाला प्रतिकार येणं कोट्यवधींतल्या एखाद्या जंतूलाच साधतं. चारही बदल एकदम घडणं हिशेबात बसतच नाही. शिवाय त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या एरवी निरुपद्रवी ई. कोलायमध्येही बऱ्याचदा तोच प्रतिकार आढळे.

१९५९मध्ये तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचिआई यांनी स्वतंत्रपणे दोन्ही जंतू एकत्र वाढवले आणि ई. कोलायचा प्रतिकार शिगेलाकडे गेल्याचं दाखवलं. केइओ विद्यापीठातल्या त्सुतोमु वातानाबे यांच्या १९६३च्या इंग्रजी लेखामुळे हे काम जगभर पोचलं.

जंतू एकमेकांना जनुकं देतात हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६मध्येच सिद्ध केलं होतं. जपानमधला हा प्रतिकार वाहून नेत होती ती प्लाझमिडं. मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्याला प्लाझमिड म्हणतात. दोन जंतू जवळ आले, की त्याची एक प्रत शेजाऱ्याकडे जाऊ शकते आणि मूळ प्रत देणाऱ्याकडेच राहते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही हे निरुपद्रवी ई. कोलायच्या दोन वाणांवर करून पाहिलं. टेट्रासायक्लिनला प्रतिकार देणारं प्लाझमिड असलेला देणारा वाण मॅकॉन्की आगारवर गुलाबी वाढे, घेणारा रंगहीन. टेट्रासायक्लिन घातलेल्या प्लेटवर घेणारा एकटा पसरला तर प्लेट कोरी राही. दोघांना काही तास एकत्र ठेवून पसरलं, की दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपक्यांमध्ये रंगहीन ठिपकेही उगवलेले दिसत. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांसमोर असं खरं ठरताना पाहण्याला तोड नाही.

इथे लंडनच्या नेओमी दत्ता यांच्याविषयी लिहायलाच हवं. मरे नावाच्या जंतुशास्त्रज्ञानं १९१७ ते १९५४ दरम्यान आतड्यातले जंतू गोळा करून जपून ठेवले होते. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासून १९८३मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे पाव जंतूंमध्ये डीएनए दुसऱ्याला देण्याची क्षमता होती. पण त्यांतून गेलेल्या प्लाझमिडांवर औषधप्रतिकार नव्हता. वाहनं आधीपासूनच धावत होती. प्रतिकाराचा माल त्यांत भरला गेला तो आपण औषधांचा मारा सुरू केल्यानंतर.

ही वाहतूक आजही चालू आहे. २०१६पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडच्या जंतूनं एक प्लाझमिड मिळवलं, बहुधा ई. कोलायकडूनच, आणि सेफ्ट्रियाक्झोनसारखं भरवशाचं औषध त्याच्यापुढे हरलं.

म्हणून साध्या जुलाबांवर स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेण्याला माझा ठाम विरोध आहे. बहुतेक वेळा ओआरएस आणि थोडा धीर पुरतो. एका प्लाझमिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुकं शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यामुळे एका औषधाच्या गोळीनं ती सगळीच टिकतात आणि फोफावतात. विनाकारण घेतलेली गोळी आपण कधी न घेतलेली औषधंही निकामी करायला हातभार लावते.