हृदयांतील चुन्याचा हिशेब

गेल्या महिन्यांत आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं गेलों, तों सर्वत्र सुतकी कळा पसरलेली. अडुसष्ट वर्षांच्या आजोबांच्या हृदयाचा ‘कॅल्शियम स्कॅन’ झाला होता व कागदावर ३२० हा आंकडा आला होता. सूनबाईंनीं त्यांचें दूध बंद केलें होतें. धाकट्या चिरंजीवांनीं शस्त्रक्रियेची चौकशी चालविली होती. आणि स्वतः आजोबा मृत्युपत्राचा मसुदा घेऊन बसले होते. थोरल्या चिरंजीवांचा आंकडा मात्र शून्य. ते गच्चीवर निश्चिंतपणें सिगारेट ओढीत होते. सुशिक्षित घरांतही एका परीक्षेविषयीं इतके गैरसमज असावेत, हें पाहून तिचें खरें स्वरूप वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

परीक्षा सोपी आहे. सुई नाहीं, रंगद्रव्य नाहीं. रोग्यानें कांहीं क्षण श्वास रोखावयाचा. तेवढ्यांत हृदयाच्या ठोक्यांशीं मेळ राखून यंत्र क्ष-किरणांनीं चित्रें घेतें. हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत चुन्याचे ठिपके किती व किती दाट आहेत, यावरून आंकडा काढतात. ही पद्धति डॉ. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केली.

प्रथम दुधाविषयीं. बंबाच्या आंत पाण्यांतील क्षार धरतो, तसा हा प्रकार नव्हे. वाहिनीच्या भिंतींत चरबी सांचते, तेथें दाह होतो, आणि वर्षानुवर्षें चाललेल्या त्या दुखण्याच्या जागीं चुना धरतो. तो जुन्या रोगाची खूण आहे. दूध तोडल्यानें ती पुसली जात नाहीं.

आतां शस्त्रक्रियेविषयीं. रोग एकंदरींत किती पसरला आहे, हें आंकडा सांगतो. मार्ग कोठें व किती अरुंद झाला आहे, हें सांगत नाहीं. भिंतींत चुना असूनही मार्ग मोकळा असूं शकतो. म्हणून कांहींच त्रास नसतां केवळ आंकड्यावरून शस्त्रक्रियेकडे धांव घेऊं नये. उलट छातींत दुखूं लागल्यास या परीक्षेच्या नादीं न लागतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

मग आंकड्याचा उपयोग काय? पुढील धोक्याचा अंदाज. अमेरिकेंतील ‘मेसा’ नामक अभ्यासाचे २००८ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, कीं शून्यवाल्यांच्या मानानें १०१ ते ३०० आंकडा असणारांस हृदयविकाराचा धोका सातपटींहून अधिक, व ३०० च्या वर साडेनऊ पटींहून अधिक होता. त्या अभ्यासांत आपल्याकडील लोक नव्हते, हें ध्यानांत ठेवावें. शिवाय सत्तरीचा शंभर व पंचेचाळिशीचा शंभर यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तथापि आंकडा शंभर वा अधिक असल्यास ‘स्टॅटिन’ औषध घेणें बहुधा हिताचें, असें २०१८ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सांगतात. या औषधानें चुना अधिक घट्ट होऊन आंकडा थोडा वाढूंही शकतो. तो पराभव नव्हे. म्हणूनच परीक्षा पुनःपुन्हां करीत बसूं नये.

राहिलें शून्य. तें शुभचिन्ह खरें, पण अभयपत्र नव्हे. चुना न धरलेली मऊ चरबी या परीक्षेंत दिसत नाहीं. धूम्रपान करणारे, मधुमेही व ज्यांच्या घराण्यांत अकालीं हृदयविकार झाला आहे, त्यांनीं शून्यावर विसंबूं नये, असें त्याच सूचनांत बजावलें आहे.

स्नेह्यांच्या घरीं आतां आजोबांचा दुधाचा पेला परत आला आहे; वैद्यांच्या सल्ल्यानें औषध सुरू आहे, सकाळचें फिरणेंही. थोरल्या चिरंजीवांची सिगारेट मात्र अद्याप सुटलेली नाहीं. हा अंक त्यांच्या घरीं जातो. सूनबाईंनीं हें पान उघडून त्यांच्यापुढें ठेवावें, एवढीच आमची विनंती.