लहान मुलांचा संधिवात आणि त्याचे डॉक्टर

लहान मुलांचे संधिवात आणि प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांना पीडियाट्रिक रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. यांतला सर्वांत नेहमीचा आजार म्हणजे जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली सांध्याची सूज किमान सहा आठवडे टिकली आणि तिचे दुसरे कारण सापडले नाही, तर हे निदान होते. त्वचा व स्नायूंना ग्रासणारा डर्मॅटोमायोसायटिस, मूत्रपिंडापर्यंत पोचणारा ल्युपस आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करणारा कावासाकी आजार हेही याच शाखेत येतात. कावासाकीत ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर हृदयाचा धोका बराच कमी होतो.

वाढीच्या वयात पाय दुखणे सर्रास आढळते. हे दुखणे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल पुन्हा हुंदडते. संधिवाताचे मूल उलट सकाळी आखडलेले असते, उठल्यावर लंगडते आणि दिवस वर येईल तसे मोकळे होते. लहान मूल दुखते म्हणून सांगतेच असे नाही. ते चालायचे सोडून कडेवर घ्यायला लावते.

तपासणीत निरीक्षणाला मोठे महत्त्व असते. डॉक्टर मुलाला चालायला, उकिडवे बसायला आणि नमस्कारासारखे तळवे जोडायला सांगतात. मनगटाला सूज असेल तर कोपरे पुरेशी वर जात नाहीत. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालता आली नाहीत, तर जबड्याच्या सांध्याची शंका येते. रक्ततपासणी मदतीला असते, पण केवळ तिच्यावर निदान होत नाही: जेआयएच्या बहुतेक मुलांत रुमॅटॉइड फॅक्टर ही संधिवाताची रक्तचाचणी निगेटिव्हच येते. क्षयरोग, जंतुसंसर्ग आणि रक्ताचा कर्करोग यांमुळेही सांधे दुखतात. म्हणून निदानाआधी घाईने स्टेरॉइड देणे घातक ठरू शकते. खरा आजार त्याखाली झाकला जातो.

जेआयएमध्ये डोळ्यांच्या आत सूज येऊ शकते आणि डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पने ठराविक काळाने तपासणी करावी लागते. जास्त धोका असलेल्या मुलांची साधारण दर तीन महिन्यांनी.

उपचारांत वेदनाशामके, सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट आणि गरज पडल्यास बायोलॉजिक औषधे असतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज दिल्यास जीवावर बेतू शकते. यातली काही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे कोणतीही लस, विशेषतः जिवंत विषाणूंची, उपचार करणाऱ्या रुमॅटॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नये. फिजिओथेरपी आणि नियमित शाळा हाही उपचाराचाच भाग आहे.

या शाखेचे डॉक्टर भारतात कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतात. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात ही सेवा आहे. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत या विषयाचे डीएम (अतिविशेष पदवी) शिक्षणही मिळते. इतरत्र वाट बालरोगतज्ज्ञांमार्फतच जाते. त्यांच्याकडून चिठ्ठी घ्यावी किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. डॉक्टरांनी बालरोगात एमडी केल्यानंतर या शाखेचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. तज्ज्ञ दूर असतील, तर मोठ्यांचे संधिवाततज्ज्ञ आणि गावचे बालरोगतज्ज्ञ मिळून मुलाला पाहू शकतात.

पहिल्या भेटीला जुने सर्व रिपोर्ट, एक्स-रे, लसीकरणाचे कार्ड, औषधांची यादी आणि तापाची नोंद न्यावी. अंगावर पुरळ येत असेल, तर ते अनेकदा दवाखान्यात पोचेपर्यंत नाहीसे होते, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवावा. सकाळच्या लंगडण्याचा मोबाइलवर व्हिडिओही घ्यावा.

सहा आठवड्यांची अट निदानासाठी आहे, वाट पाहण्यासाठी नव्हे. सुजलेला सांधा किंवा सकाळचे लंगडणे काही दिवसांत गेले नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एकच सांधा अचानक सुजून गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.